आंटीचे गुडघे

आखातात आल्यावर देऱ्यातली ती खोली बघायला आम्ही नवरा-बायको गेलो तेव्हा बेल वाजवूनही दार बराच वेळ उघडलं नाही. आतून फक्त आवाज आला, "येते, येते. उठायला वेळ लागतो मला." दार उघडलं तर समोर ठेंगणी, जाडसर, पन्नाशीची बाई. अंगात फुलाफुलांचा गाऊन, केसांचा घट्ट अंबाडा, आणि गाऊनला गुडघ्यांच्या जागी चिकटलेले जाड्या मिठाचे खडे. ती खडे झटकत म्हणाली, "घरात चपला नको. आणि मासे खाता ना? नाय खात असाल तर खोली मिळणार नाय. मागच्या भाडेकरणीनं माझ्या सुकटीवर रूम फ्रेशनर मारला होता."

आम्ही खातो म्हणालो. खोली मिळाली. मिठाचं मी विचारलं नाही. मला वाटलं, सुकटीचंच काहीतरी असेल.

ती वसईची. नवरा फार पूर्वी गेलेला. खाडीजवळच्या एका हॉटेलात ती हाउसकीपिंग सुपरवायझर होती आणि ते पद तिनं घरीही सोडलं नव्हतं. आमच्या खोलीत काही मागायला आली की बोलता बोलता चादरीचा कोपरा उचलून पुन्हा खोचायची. माझा नवरा तिच्यासमोर पलंगावर बसायला घाबरायचा. बिल्डिंगमध्ये तिला सगळे आंटीच म्हणायचे. केरळचे, पाकिस्तानचे, खालचा ग्रोसरीवाला, वॉचमन, सगळे. आम्हीही तेच म्हणायला लागलो. पुढे आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा तिनं त्याचं 'आंटीआजी' केलं.

आता आंटी वसईला असते. दोन्ही गुडघे बदललेत. व्हिडिओ कॉलवर उभी राहून दाखवते, चालून दाखवते. पण माझ्या डोळ्यांसमोर ती येते ती खाली बसलेली, खरं तर टेकलेली. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्या मधल्या बोळकांडीत एक लहानसं मारियामातेचं चित्र होतं. त्याच्यापुढे ती रोज कामावरून आल्यावर रोझरीचा जप करायची. गुडघ्यांखाली कधी चिंचोके, कधी मीठ. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, दोन्ही. चिंचोके ती वसईहून आणायची. एकदा एअरपोर्टवर कस्टमवाल्यानं पिशवी उघडून विचारलं, हे काय? ही म्हणाली, "फॉर नीज." त्यानं औषध समजून सोडून दिलं.

"दुखत नाही का?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"दुखतं म्हणून तर," ती म्हणाली. "नाय दुखलं तर ती नुसती बसण्याची पद्धत झाली."

तिचं एक वाक्य होतं, ते ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. "नवस बोलायला तोंड लागतं, फेडायला अंग लागतं." हॉटेलातल्या नेपाळी मुलींनाही तिनं त्याचं हिंदी करून शिकवलं होतं. सुट्टी मिळू दे म्हणून त्या काहीबाही नवस बोलायच्या, म्हणून.

हे सगळं कुठून आलं ते तिनं एका दुपारी वाटाणे सोलता सोलता सांगितलं. तिचे आजोबा वसईचे बागायतदार. केळी, पानवेल, फुलं. वर्षभर कुणाला वाकडा शब्द न बोलणारा माणूस. पण उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी ते आणि गावातले आणखी काही पुरुष चर्चमध्ये जायचे, खिडक्या लावून घ्यायचे, शर्ट काढायचे आणि गाठी मारलेल्या दोरीनं स्वतःच्याच पाठीवर मारून घ्यायचे. बायकापोरांना आत सोडत नसत. लहानपणी ही बाहेर भिंतीला कान लावून उभी राहायची.

"कसा आवाज यायचा?"

"कपडे धुतल्यासारखा," ती म्हणाली. "आणि मधून मधून प्रार्थना. घरी आले की आजी खोबरेल लावायची. आजोबा हूं की चूं करायचे नाय. दुसऱ्या दिवशी बागेत. नंतर नवे फादर आले, त्यांनी ते सगळं बंद केलं. म्हणाले, हे अडाणीपण आहे. आजोबा दोरी घरी घेऊन आले आणि त्या दोरीनं केळीचा घड बांधला."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता आणि लाजही नव्हती. आमच्याकडे कोणे एके काळी म्हैस होती, असं कुणी सांगावं तसं तिनं सांगितलं.

तिच्या हाताखाली एक फिलिपिनो बाई होती. तिच्या गावाजवळ गुड फ्रायडेला माणसं स्वतःला खरोखर क्रुसावर ठोकून घेतात. तळहातांत खिळे. एकदा ती आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मी पहिल्याच हातोड्याला तोंड फिरवलं. आंटीनं चष्मा लावून अगदी शेवटपर्यंत पाहिला, एकदा मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि विचारलं, "नेल्स क्लीन?"

"येस मॅम. अल्कोहोलमध्ये ठेवतात."

"गुड." ती बाई गेल्यावर भांडी विसळताना मला म्हणाली, "एवढं आपल्यात नाय. एवढं लागतही नाय." पण ज्या तऱ्हेनं ती स्वतःचा तळहात नळाखाली उलटापालटा करत होती, त्यावरून मला वाटलं, तिला त्या माणसांचा थोडा हेवाच वाटला असावा.

एक सांगायला हवं. ती हे दुसऱ्यांसाठीही करायची, आणि न विचारता. आमची मुलगी वर्षाची असताना तिचा ताप उतरेना. आम्ही दवाखान्याच्या फेऱ्या घालत होतो. ताप उतरला, आम्ही निवांत झालो, आणि मग माझ्या लक्षात आलं की आंटीच्या ताटात बरेच दिवस मासा दिसला नाही. वसईच्या बाईच्या ताटात मासा नाही म्हणजे काहीतरी घडलंय. विचारलं तर म्हणाली, "ते पोरीच्या तापाचं आहे. ईस्टरपर्यंत नाय खाणार."

मला ते आवडलं नाही. मी जरा चिडूनच म्हणाले, "आंटी, माझ्या मुलीसाठी तुम्ही का म्हणून?"

"मग कोण करणार? तुम्ही लोक नुसतं क्रोसिन देता."

"क्रोसिननंच उतरला ताप."

"उतरला ना? मग भांडतेस कशाला?"

आंटीशी वाद घालणारा माणूस नेहमी असाच, हातात काहीतरी अर्धवट धरून उभा राहायचा.

वर्षातला तिचा मोठा दिवस म्हणजे आठ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिवस. त्या दिवशी ती घरापासून चर्चपर्यंत अनवाणी जायची आणि चर्चच्या फाटकापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर. वसईत किंवा मुंबईत अनवाणी चालणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघणार नाही. इथं सप्टेंबर म्हणजे भर उन्हाळाच. फुटपाथच्या विटा तव्यासारख्या तापतात. एका वर्षी आठ तारीख सुट्टीच्या दिवशी आली म्हणून मी तिच्याबरोबर गेले. म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि तिच्या चपला घेऊन मागून चालले. खाडी अब्रातून ओलांडली. होडीच्या लाकडी फळ्यांवर तिनं पाय टेकवले तेव्हा मला हायसं वाटलं. पलीकडे उतरल्यावर मी म्हणाले, "आंटी, इकडून या, सावली आहे."

"सावलीतून चाललं तर ते फिरायला जाणं झालं," ती म्हणाली आणि उन्हातून चालत राहिली. वेगानं नाही, रमत नाही, एका लयीत. ओठ हलत होते.

बरंच अंतर गेल्यावर पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. आतून कोवळा दिसणारा एक अरब पोलीस उतरला. इथल्या पुष्कळ लोकांसारखं त्यालाही कामापुरतं हिंदी येत होतं. त्यानं आंटीच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा बदलला.

"मा, ये मदाम तेरे को मारता है? तू इसके घर में काम करता है?"

आंटी ताठ झाली. "मैं किसी की कामवाली नहीं. हाउसकीपिंग सुपरवायझर हूँ. ये मेरी भाडेकरीण है."

"तो जूता क्यों नहीं पहनता?"

"नवस है मेरा."

नवस त्याला कळेना. मला पटकन हिंदी शब्द सुचेना. मी प्रार्थना, चर्च, मदर मेरी असं काहीबाही म्हणत राहिले. तेवढ्यात मागे टॅक्सी लावून एक पठाण ड्रायव्हर मजा बघायला आला होता, तो म्हणाला, "मन्नत है साहब, मन्नत. नज़्र."

"आह. नज़्र." पोलिसाचा आवाज एकदम खाली आला. तो शब्द त्याच्या घरातला होता. त्यानं टोपी सारखी केली आणि आपल्या आईशी बोलावं तसं आंटीला म्हणाला, "मा, अल्लाह को तेरा पाँव जलाने का जरूरत नहीं."

आंटी म्हणाली, "उसको नहीं है. मेरे को है."

मग त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. "यल्ला, मा. बैठो. चर्च मैं छोड़ेगा."

"पोलिसाला नाय म्हणता येत नाय," आंटी मला मराठीत म्हणाली आणि बसली. चर्चच्या फाटकाशी पोलिसांच्या गाडीतून उतरणारी बाई बघून लोकांची पांगापांग झाली. ही उतरली, त्याला "गॉड ब्लेस यू, बेटा" म्हणाली आणि तिथेच गुडघ्यांवर बसून आत निघाली.

गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. ड्युटीला जायच्या आधी ती टॅक्सी करून एका ज्यूसच्या दुकानापाशी गेली होती, जिथं पोलिसानं गाडीत घेतलं होतं तिथं. चपला काढून तिथून चर्चपर्यंतचा गाडीत बसून झालेला रस्ता तिनं पायांनी पुरा केला आणि मग कामावर गेली. हॉटेलच्या डॉक्टरनं तळव्यांना मलम लावलं. दोन-तीन आठवडे ती मऊ सपाता घालून मजल्यामजल्यांवर फिरत होती आणि मुलींना ओरडत होती.

चर्चच्या फादरना हे पसंत नव्हतं. ते मंगळूरचे, शांत, पोक्त गृहस्थ. मागे एकदा त्यांनी तिला बोलावून समजावलं होतं. गुडघ्यांवर चालण्यापेक्षा हॉस्पिटलात जाऊन आपल्या लोकांना भेट, ज्यांचं इथं कुणी नाही त्यांना जेवण नेऊन दे, तेच खरं प्रायश्चित्त. आंटीनं ते मनापासून ऐकलं. तेव्हापासून ती दर आठवड्याला डबे घेऊन हॉस्पिटलात जायला लागली. आणि आठ सप्टेंबरला गुडघ्यांवर. "फादरचं फादरला, मरियामायचं मरियामायला," ती म्हणाली.

तिला एक मुलगा होता, ऑल्विन. फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर कामाला. जहाजांना इंधन भरतात तिथं. उंच, अबोल, आईसारखीच रुंद हनुवटी. महिन्या-दोन महिन्यांतून यायचा तो थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेले मासे घेऊन. मायलेक मासे बघत, त्यांच्या ताजेपणावर बोलत, जेवत, आणि तो संध्याकाळी परत जायचा. पण उपवासकाळात तो कधी आला नाही आणि सप्टेंबरात तर फोनही उचलायचा नाही. माझी समजूत होती की शिफ्टचं काही असेल.

एकदा तो पेटी रिकामी करून गाडीत ठेवत होता. मी भाजी घेऊन येत होते. पार्किंगमध्ये त्यानंच विषय काढला. "वहिनी, यंदा पण गेली का ती गुडघ्यांवर?"

"गेली. मी होते बरोबर."

"माहितीये. मला व्हिडिओ आला. दरवर्षी कुणीतरी पाठवतं. 'युअर मदर, सच फेथ.'" त्यानं डिकी जरा जोरातच लावली. "तिनं तुम्हाला सांगितलंय का, हे कशासाठी चाललंय?"

तिनं सांगितलं नव्हतं. त्यानं सांगितलं. लहान असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आंटीनं मारियामातेला नवस केला, हा वाचला तर तुला देईन, फादर करीन. तो वाचला. दहावीनंतर फादर व्हायला सेमिनरीत गेला. तिथं बरीच वर्षं काढली आणि एके दिवशी त्याला कळलं की हे आपलं नाही. ट्रंक घेऊन घरी आला.

"ओरडली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. एक शब्द बोलली नाही. 'जेवलास का?' विचारलं फक्त. आणि त्या सप्टेंबरपासून गुडघ्यांवर चालायला लागली." तो गाडीच्या टपावर बोटानं रेघा ओढत होता. "मी काय खून केला का वहिनी? हे सगळं मला दाखवायला आहे. बघ, तू सोडलंस, मी फेडते."

मला त्याचं पटलं. त्यानंतर काही दिवस आंटी चिंचोक्यांवर बसली की मला तिचा राग यायचा. एवढ्या प्रेमळ बाईत एवढी सूडबुद्धी कुठून आली, असं वाटायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती बांगडे साफ करत होती आणि मी ओट्याशी उभी होते. टीव्हीवर कुठल्या तरी देशातल्या तेलाच्या साठ्याला लागलेली आग दाखवत होते. आंटीच्या हातातली सुरी थांबली. आग इथली नाही हे कळल्यावरही ती पुन्हा सुरी चालवेना. मी म्हणाले, "ऑल्विनला फोन करू का?"

"नको. घाबरले म्हणून हसेल." मग ती म्हणाली, "तुमच्यात देवाला वाहिलेलं फूल कुणी परत घरी आणून फुलदाणीत ठेवतं का?"

"नाही."

"मी हा मुलगा वाहिला होता. तो परत आला. आता तो कुणाचा? माझा तर नाय ना. मी देऊन टाकला होता. ज्याचा आहे तो कधीही म्हणू शकतो, आण इकडे. आणि हा जाऊन तेलाच्या टाक्यांवर चढतो." तिनं मनगटानं नाक पुसलं. "म्हणून दरवर्षी जाते. सांगते, माये, अजून थोडे दिवस राहू दे माझ्याकडे. आता एवढं मागायचं तर हात हलवत कसं जायचं?"

"आंटी, हे त्याला कधी सांगितलंत?"

"वेडी आहेस का? पोराला सांगायचं, तू मरशील म्हणून मी घाबरते? त्याला टाकीवर चढायचं असतं."

सुरी पुन्हा चालायला लागली. एकाच घरातली दोन माणसं इतकी वर्षं एकच गोष्ट बघत होती आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या.

पुढे आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिलिकॉन ओएसिसला फ्लॅट घेतला, नवऱ्याच्या ऑफिसजवळ. आंटीकडे जाणं कमी झालं तरी सुटलं नाही. ती रिटायर व्हायला आली होती. गुडघे तर पार गेले होते. डॉक्टरनं एक्स-रे दाखवून सांगितलं की हाडावर हाड घासतंय, दोन्ही बदलावे लागतील. वसईजवळच्या हॉस्पिटलात ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन ठरलं. डॉक्टरनं बजावलं की तोवर जमिनीवर बसायचंही नाही. आंटी सगळ्याला हो म्हणाली. सप्टेंबर लागताच मी मुलीला घेऊन तिच्याकडे गेले, तर बाई बोळकांडीत चिंचोके मांडत होती.

"आंटी, यंदा नाही जायचं. डॉक्टर काय म्हणाले?"

"यंदाच जायला पाहिजे. पुढच्या वर्षी प्लास्टिकचे गुडघे असतील. प्लास्टिकला दुखतं का कधी? ते चालणं मोजतच नाय."

माझी मुलगी म्हणाली, "आंटीआजी, यू कॅन जस्ट प्रे ऑन अ चेअर. गॉड डझंट माइंड."

"गॉडला विचारलंस काय गो?" आंटी म्हणाली आणि तिला केळीचे वेफर्स दिले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ऑल्विनला फोन लावला. त्यानं उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मला माहितीये. मी नाही येणार तो तमाशा बघायला."

मी म्हणाले, "ऑल्विन, ती रागावलेली नाहीये. घाबरलेली आहे." आणि बांगडे साफ करताना ती जे बोलली होती, ते जसंच्या तसं सांगितलं. फूल, टाकी, हात हलवत, सगळं. पलीकडे कुठला तरी पंप चालू होता. मग तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

आठ तारखेला अनवाणी चालणं मी तिला सोडायला लावलं. म्हणजे तिला चालताच येत नव्हतं. संध्याकाळी आम्ही टॅक्सीनं गेलो. चर्चच्या आवारात गर्दी होती. फिलिपिनो, गोवेकर, केरळचे, वसईकर, पोरंबाळं, फुलं. फाटकाच्या आत आंटीनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि खाली बसायला लागली. एक गुडघा टेकला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी तोवर कधी ऐकला नव्हता. दुसरा टेकला. मग काही वेळ ती तशीच राहिली, पुढे सरकेना.

"मम्मी."

ऑल्विन समोर उभा होता. थेट कामावरून आला असावा. टर्मिनलची निळी पँट, जाड बूट. हातात गुडघ्यांना बांधायची पॅड होती, टाक्यांच्या आत उतरणारे कामगार बांधतात तसली, काळी, जाड.

"हे बांध," तो म्हणाला.

"असलं बांधून करायचं तर घरी बसले असते."

"मग ऊठ."

"नाय."

लोक वळसा घालून जात होते. एकानं मोबाइल वर केला. ऑल्विननं त्याच्याकडे असं पाहिलं की मोबाइल खाली गेला. मग ऑल्विन आईसमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुणाला द्यायचं होतं, मम्मी? मला ना? मग तू का जातेस? मी जातो."

त्यानं पॅड तिच्या हातात दिली, बूट काढले आणि गुडघ्यांवर टेकून चर्चच्या दाराकडे निघाला. त्याला सवय नव्हती. दोन्ही हात पुढे टेकवत, अडखळत, चाललेला. उन्हानं दिवसभर तापलेल्या विटा अजून गरम होत्या. तो मधूनच तळहात झटकत होता. एवढा मोठा माणूस आणि लहान मुलासारखा रांगत होता.

"हा रांगलाच नाय कधी," आंटी माझ्याकडे न बघता म्हणाली. "एकदम उभाच राहिला होता." मग ती ओरडली, "अरे ऊठ! पँट फाटेल! गुडघे सोलून निघतील, ऊठ!"

तो थांबला नाही. आंटी त्याच्यामागे जायला निघाली आणि तिला जमेना. तिनं माझा हात धरला, दात खाऊन उभी राहिली, आणि आम्ही जमेल तसं चालत दारापर्यंत गेलो. त्याच्या पुढे जायचं तिला सुचलं नाही. दारातच ती खांबाला टेकून थांबली. आत मधल्या वाटेनं तो जात होता, दोन्ही बाजूंच्या बाकांवरचे लोक जप थांबवून बघत होते. वेदीपाशी पोचला. मान वर करून काहीतरी बोलला. फार नाही, फोनवर निरोप ठेवावा तेवढं. मग उठला आणि ताठ चालत परत आला. एका गुडघ्यावर पँट फाटलेली होती आणि आत कातडं लाल झालं होतं.

आंटीनं आधी तो गुडघा पाहिला. वाकता येत नव्हतं तरी वाकून पाहिला. मग विचारलं, "काय बोललास?"

"काही नाही."

"ओठ हलत होते. काय बोललास?"

"नाव सांगितलं. म्हटलं, मम्मीनं द्यायचं कबूल केलं होतं तो मी. आलोय. आणि सध्या फुजैराला असतो."

आंटीचे डोळे मोठे झाले. तिनं हातातली पॅड खाली टाकली आणि आख्ख्या चर्चला ऐकू जाईल असा धपाटा त्याच्या पाठीत घातला.

"पत्ता कशाला सांगितलास रे, मेल्या!"

तो हसायला लागला. आणि मग, खांबाला धरून, तीही.